रिकाम्या चौकटी

आमच्या नांदेडच्या घराचा बोळ चांगला वीस फूट लांब आहे आणि त्यात काहीही नव्हतं. घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, चपलांचा स्टँड नाही. बैठकीपासून मागच्या दारापर्यंत नुसती पांढरी भिंत. येणाऱ्याला वाटायचं, आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. राहायला येऊन सहा वर्षं झाली होती. बोळ तसा होता, कारण आईचा तसा हुकूम होता.

आई औशाकडची. भूकंपात तिचं घर पडलं आणि त्या घरात माझी बहीण गेली. चार वर्षांची होती. मी त्यानंतर जन्मले. हे सगळं मला मावशीनं सांगितलं. आईनं त्या पोरीविषयी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. विचारलं की ती उठून माठाकडं जायची आणि पाणी पीत पाठमोरी उभी राहायची. माझ्या वाट्याला आई अर्धीच आली, असं मला लहानपणी वाटायचं आणि त्याचा राग यायचा. तो राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

बोलत नसली तरी ती पोर आमच्या घरात होतीच. बोळातून जाताना आई डावा हात अंगापासून जरा लांब, मागं ठेवते, बोटं अर्धवट मिटलेली. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं थरथरली, की हातातलं काम टाकून बोळाच्या तोंडाशी येते. मी समोर असले तरी माझ्या तोंडाकडं बघत नाही. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर कुठंतरी बघते. अशा वेळी मला माझ्या स्वतःच्या घरात भीती वाटते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण घरी आली आणि म्हणाली, "तुमचा बोळ म्हणजे अगदी सरकारी दवाखाना वाटतोय." मला ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी मी सुतार गाठला. त्यानं भिंत बघून तोडगा काढला: दोन बोटं रुंदीच्या नक्षीच्या पट्ट्या भिंतीला चिकटवायच्या, त्यांच्या चौकटी करायच्या. वर उभ्या मोठ्या, खाली गुडघ्यापासून कमरेपर्यंत लहान. खिळा नाही, टांगणं नाही, जमिनीवर काही ठेवणं नाही. आता आई कशाला नाही म्हणेल, असं मला वाटलं.

आईनं पट्टीचा तुकडा हातात घेऊन जोखला. मग स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितला.

"पडली तर लेकराला लागायची न्हाई ना?"

सुतार हसला. "न्हाई ओ मावशी, लई हलकी हाय."

आमच्या घरात लेकरू नाही. सुताराला ते माहीत नव्हतं.

काम दोन दिवस चाललं. सुतार हाताचा सफाईदार होता, कोपरे तिरके कापून असे जुळवायचा की सांधा दिसू नये. पण आईनं त्याला जेरीस आणलं. तो हत्यारांची पेटी बोळात ठेवायचा आणि ही ती ओढत ओढत ओट्यावर नेऊन ठेवायची. तिसऱ्यांदा नेली तेव्हा माझं डोकं फिरलं. परक्या माणसासमोर मी म्हणाले, "आई, भूकंप काय आज चार वाजता यायचाय का? तीस वर्षं झाली. पुरे कर की आता!"

आईनं पेटी ओट्यावर ठेवली आणि पदरानं हात पुसत आत गेली. सुतार मान खाली घालून पट्टी घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं, सुतार गेला. आई बाहेर आली आणि भिंतीकडं बघत बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"फोटू कवा लावतीस?"

"फोटो नाही लावायचे. नुसत्या चौकटीच असतात. शोभेला."

"नुसत्या?"

आमच्याकडं भिंतीवर चौकट चढते ती गेलेल्या माणसाची. हे मला कळायला हवं होतं. कौतुकानं मी वीस फूट भिंतभर रिकाम्या चौकटी लावून घेतल्या होत्या, आणि जिचा एकही फोटो कधी निघाला नव्हता तिची आई त्यांच्यासमोर उभी होती.

आई खाली बसली. खालच्या एका लहान चौकटीच्या वरच्या पट्टीवर तिनं हात ठेवला.

"एवढीच हुती," ती म्हणाली.

मी जागची हलले नाही.

"बोळात जवारीचं पोतं हुतं. दळणाला काढलेलं. तुझा बाप म्हणला, आत सरकवतो. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या, सकाळी बघू." ती चौकटीशीच बोलत होती. "ह्या हातात हुती माझ्या. अंधारात पाय अडकला पोत्याला. हात सुटला. मी पडले ती उंबऱ्याच्या भाईर. ती आतच ऱ्हायली."

भूकंपाची भीती आईच्या मनातून जात नाही, असं मी जन्मभर धरून चालले होते. तिचं मन तिला त्या पोत्यासाठी खात होतं. आणि मी आदल्याच दिवशी तिला पुरे कर म्हणाले होते. मला माझ्या जिभेची किळस आली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"काढून टाकू का गं ह्या?"

"ऱ्हाऊ दे."

मग तिनं हाक मारावी तसं नाव घेतलं. बहिणीचं नाव मला मावशीकडून माहीत होतं, पण हे ते नव्हतं. हे घरातलं होतं, लाडाचं, मी कधीही न ऐकलेलं. आईनं ते दोनदा घेतलं. पहिल्यांदा चौकटीकडं बघून, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडं बघून.

मी ओ दिली.