मामानं सोडलेली दारू

माझं बी.एस्सी. मामाच्या वरण-बट्टीवर झालं. शिरपूरच्या आसपासच्या गावांत लग्न असो की भंडारा, आचारी मामाच. त्याच्या कमाईतून जळगावला मेहरूणमधल्या माझ्या खोलीचं भाडं जायचं. घराण्यातली मी पहिली पदवीधर. म्हणून नव्वद सालानंतर एकदा धुळ्याला मामाच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मलाच जावं लागलं.

एचआयव्ही. बरीच वर्षं अंगात असणार, डॉक्टर म्हणाले. मामा तरुणपणी ट्रकवर होता. त्यापुढचं मी कधी विचारलं नाही. त्याची तक्रार एकच होती, हल्ली आठवत नाही. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पेशीचं चित्र काढलं. विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. तिथल्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, त्यांच्या कामातून निघणारा घातक कचरा साफ होईनासा होतो आणि पेशी आतून गंजल्यासारख्या होतात. विज्ञानाची पदवीधर समोर बसल्याचा त्यांना आनंद झाला होता. सगळं कळल्याचा मलाही झाला. मग मी औषध विचारलं. त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

सोबत आलेला मामा स्टँडवर थांबला होता, त्याला मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मीठ टाकं का नही, हाई माले ध्यानमा ऱ्हास नही. इतलंच ना?"

इतलंच. पण आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्यानं चाखायचं नसतं. मामा कधी मीठ विसरायचा, कधी दोनदा घालायचा. मी मोजून पुडी बांधून दिली, तर पुडी टाकून सवयीनं वर मूठभर टाकायचा. आजाराचं नाव फुटलं असतं तर त्याच्या हातचं कुणी खाल्लं नसतं. जेवणातून हा आजार पसरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मला विचारतं कोण?

उपाय मामानंच काढला. जन्मात थेंब न घेतलेला माणूस दारूची चूळ भरून कामावर जाऊ लागला. गाव मामाला नाना म्हणायचं. पंगतीत हशा पिकायचा, "नाना आज बी पियेल शे!" आणि लोक खारट वरण पाणी पिऊन संपवायचे. दारू ओळखीची होती, तिला माफी होती.

पण गावातल्या आबांचा मामावर फार जीव. नातीचं लग्न महिन्यावर आलं, तसे ते त्याला मारुतीच्या देवळात घेऊन गेले. "नाना, आते सोड. तुन्हा हातनं वरण सगळासले जोयजे." मामानं नारळावर हात ठेवून दारू सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या दोन पंगती खारट गेल्या, आणि आता तोंडाला वास नव्हता. धुळ्याला कशासाठी गेला होतास, असं एकानं मामाला विचारलंच. मामानं झारा धुऊन माळ्यावर टाकला.

लग्नाच्या चार दिवस आधी आबा स्वतः घरी आले. उपरण्याखालून बाटली काढली.

"एकदम सोडी दिधी तं हात बिघडस, नाना. थोडी लेत जाय."

"आन शपथ?"

"मारुतीसंगे मी देखी लिसू."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी, विज्ञानाची पदवीधर, मान हलवली. त्यानं आयुष्यातला पहिला घोट गिळला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"देख, सवय तुटी गयी," आबा त्याची पाठ चोळत म्हणाले. "लगनना वरणले तूच."