मुशी कुठे दारू पिते?

"हातात दे, मंग सांग."

मावशींना काहीही सांगायला गेलं की त्या आधी उजवा तळहात पुढे करायच्या. लग्नाची पत्रिका असो, औषधाची बाटली असो, कुणाच्या बाळाचा फोटो असो, वस्तू हातात आल्याशिवाय त्यांना तिच्यावर बोलायचं नसे. मासे विकणाऱ्या बाईचा हात होता तो. कल्ले उघडून, पोट दाबून, शेपटीकडून उचलून पाहिल्याशिवाय त्या स्वतःच्या टोपलीतल्या माशावरसुद्धा विश्वास ठेवत नसत.

अशा बाईला असा आजार व्हावा की जो हातात देता येत नाही, दिसत नाही, दुखतही नाही, याची मला अजून गंमत वाटते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वसई स्टेशनजवळच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिसेप्शनवर होते. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. बाबांनी वसईत फ्लॅट घेतला म्हणून इथे आलो. मावशी पाचूबंदरच्या, ख्रिस्ती कोळी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची मासे मांडायची फळी होती आणि आमच्या कॉलनीतली निम्मी घरं त्यांच्याकडूनच मासे घ्यायची. नाव इथे लिहीत नाही. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे.

त्यांचा नवरा दारूनं गेला होता. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. त्याला माती दिल्यावर मावशींनी बंदरावरच्या बायका गोळा केल्या आणि गावठी दारूचे अड्डे बंद पाडायला सुरुवात केली. बायका घोळक्यानं जायच्या, पिंपं उलटी करायच्या. बंदराजवळचा एकच अड्डा उरला होता. त्याचा मालक हसतमुख आणि गोड बोलणारा. रस्त्यात भेटला की मावशींना वाकून नमस्कार करायचा. "ह्याचाच मला राग येतो," मावशी म्हणायच्या. "भांडत पन नाय मेला."

एकदा मावशी आमच्या सेंटरमध्ये आल्या. जेवल्यावर पोटात उजवीकडे दुखायचं, पित्ताचे खडे असतील म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं.

"काही खाल्लं नाही ना, मावशी?" मी विचारलं.

"नाय. चहा आनि बटर."

"मग उद्या या. उपाशीपोटी यायचं असतं."

"चहा काय खानं झालं का, पोरी?" त्या खरोखर चकित झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या उपाशी आणि चिडलेल्या.

तपासणीची खोली आणि बाहेरचा हॉल यांच्यात फक्त एक पडदा होता. आमचे डॉक्टर हळू बोलायचे, पण मावशींचा आवाज बाजारात घडलेला होता.

"खडे नाहीत, मावशी. दुखतंय ते नुसतं पित्त," डॉक्टर म्हणाले. "लिव्हरवर मात्र चरबी आहे. बरीच आहे. ती सांभाळा."

"कशावर?"

"लिव्हर. यकृत."

"म्हंजे काळीज?"

या शब्दाचा घोळच आहे. तुम्ही कधी विचार केला आहे का? काळजाला लागलं म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो, आणि खाटकाकडे कलेजी मागितली की तो लिव्हर कापून देतो.

"हो, खाटकाकडची कलेजी असते ना, तेच," डॉक्टर म्हणाले.

"लिव्हर?" मावशी उठून बसल्या असाव्यात, टेबल करकरलं. "माझं लिव्हर? मी आयुष्यात थेंब घेतला नाय, डॉक्टर!"

हॉलमध्ये पहिल्या बाकावर तो अड्डेवाला बसला होता. गरोदर सुनेला घेऊन आला होता. पडद्याकडे पाहून फक्त हसला.

संध्याकाळपर्यंत बंदरावर बातमी पोचली होती. मावशींचं लिव्हर गेलं. पोरं त्यांना पाहून अंगठा तोंडाकडे नेऊ लागली. आमची पिंपं उलटी करते आणि घरी जाऊन घेते, असं कुणीतरी म्हणालं. त्याच महिन्यात बायका त्या शेवटच्या अड्ड्याविरुद्ध पोलीस चौकीत जाणार होत्या. एकेक जण कारणं सांगू लागली. एकीच्या घरी पाहुणे आले, एकीचा गुडघा धरला.

पुढच्या आठवड्यात दुपारी पेशंट संपल्यावर मावशी पुन्हा आल्या. मला वाटलं आता आमच्यावर तोंड सोडतील. त्या बाकावर बसल्या, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "भांडायला नाय आले. मला समजून घ्यायचंय. चरबी आली कुठून?"

डॉक्टर डबा बाजूला ठेवून बाहेर आले. चाळिशीचा, शाकाहारी, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. शर्टाची मधली बटणं तेवढी ताणलेली.

"लिव्हर हे कोठार आहे असं समजा," ते म्हणाले. "आपण गरजेपेक्षा जास्त खाल्लं, त्यातून गोड, भात, तळलेलं, आणि दिवसभर बसून राहिलो, की त्या जास्तीची चरबी होते. थोडी पोटावर साठते, थोडी लिव्हरमध्ये. ते तक्रार करत नाही. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एखाद्याच्या लिव्हरला सूज येते, आत वण पडत जातात आणि ते कडक होतं."

"दारूनं पन हेच होतं?"

"कारण वेगळं, पण लिव्हरचं होतं तेच. खरं सांगू का, आम्ही शिकत होतो तेव्हा लिव्हर म्हटलं की दारू, नाहीतर कावीळ, एवढंच डोक्यात असायचं. आता रोज मशिनवर बघतो तर न पिणाऱ्यांच्यातही दिसतंय."

मावशींनी तळहात पुढे केला. मग तो रिकामाच राहणार हे लक्षात येऊन मागे घेतला. "दाखवा तरी."

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा टेबलावर झोपवलं, पोटावर जेल लावलं आणि मशिनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मी दारात उभी राहून पाहत होते. करड्या धुक्यासारखं काहीतरी हलत होतं. "हे मूत्रपिंड, आणि हे वरचं लिव्हर. दोन्हींचा रंग साधारण सारखा हवा. तुमचं लिव्हर पांढरं दिसतंय बघा. ती चरबी."

"मला काय कळनार? चांगलं कसं दिसतं ते दाखवा. दोन पापलेटं शेजारी ठेवल्याबिगर ताजं कुठलं ते कसं कळेल?"

डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लाजून दोन पावलं मागे सरकले. शेवटी मावशींना उठवून ते स्वतःच टेबलावर आडवे झाले, शर्ट वर केला आणि यंत्र आपल्याच बरगड्यांखाली टेकवलं. "आता नीट बघा, मावशी. हे मूत्रपिंड. आणि हे..."

त्यांनी यंत्र थोडं सरकवलं. उजेडाचं बटण कमी केलं, पुन्हा वाढवलं. पडद्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा ढग होता. एवढा वेळ पाहून मलाही आता फरक कळत होता.

"मशिनचं काही बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मावशी, माझंही तसंच आहे."

मावशींनी खाली वाकून, इतक्या हळू आवाजात की मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते, विचारलं, "डॉक्टर, तुमी पन घेता?"

आधी मी हसले, मग डॉक्टर, मग मावशी. जेलनं माखलेलं पोट हलवत डॉक्टर कितीतरी वेळ हसत होते. पण शर्ट खाली ओढताना त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"मुशी ठाऊक हाय ना?" मावशी अचानक म्हणाल्या. "मोठी असली तर तिला तुमी शार्क म्हनता. तिचं काळीज फाडलं की नुसतं तेल. माझा बाप ते कढवून होडीला लावायचा. मुशी कुठे दारू पिते?"

"तिला ते तरंगायला लागतं म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आपल्याला नको आहे."

मावशी निघायला उठल्या आणि पुन्हा बसल्या. "एक विचारू? माझ्या मानसाचं पन असंच सुरू झालं असेल?"

"बहुतेक. आधी चरबीच येते."

"आनि तेव्हाच कोनी पाहिलं असतं तर?"

"तेव्हा दारू सोडली असती तर लिव्हर बरंच भरून आलं असतं. हा अवयव मोठा गुणी आहे, मावशी. एका टप्प्यापर्यंत परत येतो."

"मला वाटायचं, घोट पोटात गेला की आत सगळं जळूनच जातं," त्या म्हणाल्या. "म्हनून मी त्याला मेलेलाच धरला होता. तो परतीचा होता, हे मला कोनी सांगितलंच नाय."

जाताना दारातून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमचं मी कुठे बोलनार नाय. तुमच्या धंद्याला बरं नाय ते."

त्यांनी ते खरंच कुठे सांगितलं नाही. पण रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चमागच्या मैदानात बायकांची बैठक होती. मी केवळ कुतूहलानं गेले होते. निम्म्याच बायका आल्या होत्या. कुंपणापाशी काही पुरुष उभे होते, त्यांत तो अड्डेवालाही होता. इतक्यात आमच्या डॉक्टरांची स्कूटर आली. कुणी बोलावलं नव्हतं.

न पिताही लिव्हरवर चरबी येते हे सांगायला डॉक्टर उभे राहिले, पण भाषण काही जमलं नाही. एकेका वाक्यात इतके इंग्रजी शब्द की बायका आपापसांत कुजबुजू लागल्या. शेवटी मावशीच उठल्या.

"डॉक्टर, सरळ सांगा. दारू पिता?"

"नाही. कधीच नाही."

"तुमच्या काळजावर चरबी हाय?"

डॉक्टरांनी कुंपणापाशी उभ्या पुरुषांकडे पाहिलं. त्यांतले दोघं आमचे पेशंट होते. "आहे," ते म्हणाले. "मावशींसारखीच."

"झालं," मावशी म्हणाल्या आणि बायकांकडे वळल्या. "आता मला सांगा, मुशी कुठे दारू पिते?"

कोळणींना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. हशा पिकला. चौकीत त्या सगळ्या मिळून गेल्या. अड्डा बंद झाला. पुढे तो दुसरीकडे उघडल्याचंही ऐकलं, पण मावशींकडे पाहून अंगठा तोंडाकडे नेणारं पोर पुन्हा दिसलं नाही.

मावशींनी डॉक्टरांच्या धंद्याची काळजी केली होती, झालं उलटंच. आमच्याकडे लोक येऊन विचारू लागले, "ते चरबीवाले डॉक्टर हेच का?"

मावशींनी साखर सोडली. हे लिहायला सोपं आहे. त्यांचा चहा म्हणजे पाकच असायचा आणि फळीवर बसल्या बसल्या तो दिवसभर चालायचा. पहिले काही दिवस त्यांनी गिऱ्हाइकांवर इतका राग काढला की माझ्या आईनं कोलंबी दुसरीकडून आणली. मग बाजारातून बंदरापर्यंत रिक्षा सोडून चालत जाऊ लागल्या. नाताळात सगळं बिघडायचं. "घरात गोडाचा वास सुटला की मी काय करू?" असं आम्हालाच विचारायच्या. तरी पुढच्या वर्षीच्या तपासणीत पांढरा ढग बराच विरळ झाला होता. डॉक्टरांचा तेवढा नव्हता. मावशींनी दोन्ही चित्रं मागून घेतली, तळहातावर शेजारी शेजारी ठेवली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमचं पापलेट अजून शिळं हाय."

आणि मग त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. पिंपं उलटी करणं थांबवलं नाही, पण पिणाऱ्यांना दंडाला धरून आमच्याकडे आणू लागल्या. आडदांड कोळी, समुद्राला न घाबरणारे, टेबलावर झोपताना घामाघूम व्हायचे. मावशी उशाशी उभ्या. पडदा वाचायला शिकल्या होत्या त्या. "बघ," त्या म्हणायच्या, "पांढरं झालंय, पन कडक नाय. परतीचं हाय अजून." कुणी सोडली, कुणी महिनाभर सोडून पुन्हा धरली. धरणाऱ्याला त्या पुन्हा घेऊन यायच्या.

पुढे माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. सकाळी बंदरावर मासे निवडताना छातीत कळ आली आणि तिथेच संपलं. मी डॉक्टरांना फोन केला. "लिव्हर खूप सुधारलं होतं त्यांचं," ते म्हणाले. "पण मधुमेह आधीच आत शिरला होता. ही चरबी एकट्या लिव्हरपुरती नसते गं. साखर, रक्तवाहिन्या, हृदय, सगळ्यांना ती धरते. त्यांनी चालायला सुरुवात केली म्हणून इतकी वर्षं तरी मिळाली, असं मी समजतो." मग म्हणाले, "मीही चालतो आता. रोज."

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते नोकरी सोडण्याच्या थोडं आधी. त्या दिवशी त्यांनी अड्डेवाल्याला आणलं होतं. दुसऱ्यांना विकता विकता तोही पीत आला होता. हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढं टम्म, आणि डोळे पिवळे. हसतमुखपणा मात्र तसाच होता. मला पाहून त्यानं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला.

डॉक्टरांनी यंत्र टेकवलं. पडद्यावर आक्रसलेलं, खडबडीत लिव्हर आणि त्याच्या भोवती काळंभोर पाणी. मावशींनी ते पाहिलं. डॉक्टरांनी मान किंचित नकारार्थी हलवली, तेही त्यांनी पाहिलं.

"काय गं," अड्डेवाला म्हणाला, "परतीचं हाय का?"

मावशींनी कापड घेऊन त्याच्या पोटावरचं जेल पुसलं. सदऱ्याची बटणं एकेक करून लावली. "मीठ कमी खायचं," त्या म्हणाल्या. "पोटातलं पानी काढायला न्यायचं असेल तेव्हा मी येते संगतीला."

बाहेर कडक ऊन होतं. त्याला रिक्षात चढता येईना. मावशी पलीकडून आधी आत बसल्या आणि दोन्ही हातांनी त्याला ओढून घेतलं. रिक्षा बंदराच्या रस्त्याला वळली तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलेलं होतं, आणि मावशी रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, "हळू चालव रे, मानूस हाय आत!"