लग्नात वाटलेली जास्वंद

होटगी स्टेशनच्या पलीकडे गंगम्माचं घर विचारलं, की लोक "जास्वंदीवाली ना?" म्हणून बोट दाखवतात. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, मराठीला अजून कानडी हेल. नवरा सिद्धलिंग रेल्वेत ट्रॅकमन होता. तो रिटायर झाल्यावर दोघांनी घरामागच्या मोकळ्या जागेत जास्वंदीची रोपं करायला घेतली. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या फांद्या तिरक्या कापायच्या, खालची पानं काढायची आणि वाळू-शेणखत मिसळलेल्या मातीत खोचायच्या. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, हे ती पहिल्या वर्षी रोपं घालवून शिकली. गणपतीला फुलं नेणारे, केसांच्या तेलासाठी पानं-फुलं मागणाऱ्या बाया, दाराशी कुणी ना कुणी असायचंच.

मुलगी ऋतुजा सोलापुरात सात रस्त्यावर एका ऑफिसात कामाला. नातेपुत्याच्या अभिमन्यूशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनंच हट्ट धरला.

"अव्वा, टॉवेल-टोपी नको, ब्लाऊजपीस नको. प्रत्येक पाहुण्याला फुललेली जास्वंद द्यायची."

गंगम्मा हरखली. चांगली चांगली रोपं तिनं बाजूला काढली, मोठ्या पिशव्यांत भरली.

लग्न मे महिन्यात. एप्रिलच्या उन्हात एका सकाळी शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, खोडावर मुंग्यांची रांग. मिलीबग! गंगम्मानं साबणाच्या पाण्यात कडुलिंबाचं तेल घालून फवारलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा कापूस. कीड आकसलेल्या पानांच्या आत बसली होती. शेवटी तिनं कात्री हातात घेतली.

"अगं, लग्न तोंडावर आलंय," सिद्धलिंग म्हणाला. "धुऊन-पुसून देऊ की. कुणाला कळतंय?"

"पावण्याच्या घरी कीड पाठवू? त्यांची बाकीची झाडंबी जातील की. तुमी काड्या गोळा करा, जाळायच्या हाईत."

संध्याकाळी ऋतुजा घरी आली, तर अंगणात वीतवीतभर खुंटांची फौज उभी. ती तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.

"लोकांच्या हातात काय देऊ मी? काटक्या? सासूबाई काय म्हणतील?"

"म्हणू दे. सांगायला मी हाय की," गंगम्मा म्हणाली. "जास्वंद नव्या फुटव्यावरच फुलती. कापल्याबिगर ही वाचत न्हाय."

ऋतुजा डोळे पुसत आत निघून गेली.

अक्षता पडल्या तोवर खुंटांना बोटाच्या पेराएवढी हिरवी पानं आली होती. मांडवाच्या दारात नवी साडी नेसून गंगम्मा स्वतः रोपं वाटायला उभी राहिली. मुलाची आई तानाबाई पिशवी फिरवून फिरवून बघायला लागली.

"विहीणबाई, ह्याला फूल कुटं हाय?"

"श्रावणात येतंय. उन्हात ठेवा. न्हाय फुललं तर फोन करा, दुसरं घेऊन मी नातेपुत्याला येते."

जेवणं झाल्यावर काही रोपं खुर्च्यांखाली तशीच राहिली. गंगम्मानं ती उचलून टेम्पोत ठेवली. वाईट वाटलंच, पण कात्री चालवली ते चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही.

श्रावण लागताच तानाबाईचा फोन आला. "कळ्या येत्यात, पण गळून पडत्यात."

"पाणी कसं घालता?"

"आठवण झाली की बादलीभर."

"तिथंच चुकतंय. थोडं घाला, पण नेमानं."

पुढच्याच आठवड्यात ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर तळहाताएवढं पिवळं फूल, त्यामागं तानाबाईचं तोंड. "पूजेला तोडायचंबी जिवावर येतंय बघा! आता भिंतीकडनं सगळी जास्वंदच लावायची. या की घेऊन."

"अव्वा," मागून ऋतुजा म्हणाली, "मी उगाच रडले तेव्हा."

"रडलीस तर रडलीस," गंगम्मा हसली.

ती आणि सिद्धलिंग रोपं घेऊन नातेपुत्याला गेले. खड्डे भिंतीपासून किती लांब घ्यायचे, यावरून दोघी विहिणींची दुपारभर जुंपली. ऋतुजा मधूनमधून चहा आणून देत राहिली, आणि सिद्धलिंग नि अभिमन्यू कुदळी घेऊन निकालाची वाट बघत बसले.