काटेवाल्या तात्यांचं निव्वळ वजन

नाथाजीतात्या आणि तो काचेचा वजनकाटा यांची पहिली भेट झाली त्या सकाळी गावातल्या कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं, शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं आणि पाण्याच्या टाकीवरचे सगळे पारवे एका दमात उडून थेट विट्याच्या दिशेनं गेले. तात्यांनी उजवा पाय ठेवला तेव्हा काट्यानं डोळे उघडले. डावा ठेवला तेव्हा मिटले. आतून साप बघितलेल्या बेडकासारखा एक आवाज आला आणि आकड्याच्या जागी चार आडव्या रेघा उमटल्या.

तात्या खाली उतरले. काटा उचलून त्यांनी तो पुढून, मागून आणि कानाला लावून तपासला.

"हे पोळपाट कुणी धाडलं?"

"पोळपाट न्हवं, वजनकाटा हाय त्यो. प्रांजलनं धाडलाय पुण्यासनं," प्रियदर्शनीकाकू म्हणाल्या. प्रांजल म्हणजे तात्या-काकूंची लेक. "बाथरूममधी ठेवायचा आन् रोज वजन करायचं, म्हणली."

"ह्यो काटा?" तात्या म्हणाले आणि बराच वेळ हसले. हत्तीला उंदीर दाखवून हा तुझा मावसभाऊ म्हणावं, तसं त्यांना झालं होतं.

कारण तात्या कराडजवळच्या एका साखर कारखान्यात गेली तीस वर्षं काट्यावर होते. तो काटा म्हणजे साठ टन पेलणारा, अख्खा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट ज्यावर उभा राहतो तो. उसाची गाडी आली की तात्यांनी वरच्या केबिनमधून मान हलवायची, आकडा टिपायचा आणि हात बाहेर काढून "पुढं घ्या" म्हणायचं. कुणी शेतकरी कुरकुरला, "आवं तात्या, वजन कमी बसलंय, येक डाव परत घ्या की," तर तात्यांचं उत्तर तीस वर्षांत एका अक्षरानं बदललं नव्हतं. "काटा खोटं बोलत न्हाई. गाडी पुढं घ्या."

केबिनला सात पायऱ्या होत्या आणि भानगड तिथंच होती. तात्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. गेल्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात ते त्या पायऱ्या पाठमोरे, बसत बसत चढले होते. मॅनेजरनं सौम्य शब्दांत सांगून टाकलं होतं की पुढच्या हंगामात असं चालायचं नाही; पायऱ्या जमत नसतील तर खाली रेकॉर्ड रूममध्ये बसा. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली आणि एक बंद पंखा होता. तिथं जायचं म्हणजे तात्यांना जिवंतपणी फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटत होतं.

म्हणून जूनमध्ये ते सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर श्रेणिक वयानं तरुण, बोलायला गोड आणि आकड्याला कडक. त्यांनी तात्यांना दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं. एकशे बारा.

"काका, गुडघा बदलू. पण आधी शंभरच्या आत या."

झालं. कारखान्याच्या माणसानं साखर सोडली. चहा गेला, गूळ गेला, रविवारचा तांबडा रस्सा वाटीवर आला. चालणं जमेना, म्हणून तात्या रोज सकाळी विहिरीत पोहायला लागले. ते आत उतरले की पाणी दोन पायऱ्या वर यायचं आणि भर पावसात ते बघायला माणसं जमायची.

मेहनत खरी होती. खोटा होता तो काटा. चार रेघांच्या त्या पहिल्या धक्क्यातून सावरल्यावर तो बोलायला लागला, पण मन मानेल तसं. बाथरूमच्या उतारावर एकशे चार. स्वयंपाकघरातल्या टाइलवर एकशे नऊ. सोप्यातल्या शहाबादी फरशीवर एकशे सहा, आणि तात्यांनी तिथंच एक पाय जरा पुढं घेतला की एकशे एक. उपाशीपोटी वजन वाढायचं, जेवल्यावर उतरायचं. एकदा तर त्यावर नुसता टॉवेल टाकला होता, तरी त्यानं अकरा किलो दाखवले.

शेवटी तात्या काटा पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेले. तिथं सरकारी शिक्क्याची वीस-वीस किलोची वजनं होती. पाच वजनं काट्यावर रचली. शहाण्णव. परत रचली. एकशे तीन. तिसऱ्यांदा रचली तेव्हा त्यानं परत डोळे मिटले.

उसाची नोंद द्यायला आलेला शंभूराज हे सगळं मघापासून बघत होता. कारखान्यावर तात्यांशी सगळ्यात जास्त भांडलेला शेतकरी हाच.

"काय तात्या? काटा खोटं बोलत न्हाई म्हणायचा की तुमी."

"ह्यो काटा न्हवंच. खेळणं हाय."

"मग तुमच्या खऱ्या काट्यावर उभं ऱ्हावा की. हाय काय त्यात?"

तात्यांना ते पटलं. ते साठ टनी काट्याच्या लोखंडावर मधोमध जाऊन उभे राहिले. बाहेरच्या मोठ्या पाटीवर, रस्त्यावरूनही दिसतील अशा लाल आकड्यांत उमटलं, ११०. पण हा काटा दहा-दहा किलोनं उड्या मारणारा. टनांच्या हिशेबात दहा किलो म्हणजे धूळ. तात्या एकशे सहा असोत की एकशे चौदा, त्याला सगळं एकच. तेवढ्यात डबा विसरला म्हणून पाठोपाठ आलेल्या प्रियदर्शनीकाकू डबा द्यायला सरळ काट्यावर चढल्या. पाटीवर आलं, १८०.

"काकू सत्तर!" शंभूराज ओरडला.

काकूंनी पाटीकडं बघितलं. मग रस्त्यावर थांबलेल्या मळीच्या टँकरच्या ड्रायव्हरकडं. "डबा हाय हातात," त्या म्हणाल्या. "डबा वजा करा त्यातनं." दोन दिवस त्या तात्यांशी बोलल्या नाहीत.

पण त्या वजाबाकीनं तात्यांना वाट सापडली. ऊस मोळ्यांनी येतो आणि मोळी ज्या वाड्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, बांधलेली असते, त्याचं वजन कारखाना मापातून कापतो. या कपातीला म्हणायचं बांधणी. भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, वजा बांधणी. राहील ते निव्वळ. तीस वर्षं हीच रीत हाताला बसलेली. तात्यांनी ती स्वतःला लावली. सकाळी उठल्यावर एकदा वजन, ती भरलेली गाडी. संडासला जाऊन आल्यावर दुसरं, ती रिकामी, आणि हिशेबाला धरायची ती हीच. मग काट्याच्या पाच लहरींची सरासरी काढायची आणि कपडे, करगोटा, मनगटातलं घड्याळ यांची दीड किलो बांधणी वजा करायची. पुढं पुढं, काटा ओल्या जागी जड बोलतो म्हणून, ओलीचा एक किलो त्यांनी वेगळा कापला. कॅलेंडरवर निव्वळ वजन झरझर उतरू लागलं. गणपती गेले त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, नव्याण्णव पूर्णांक सात.

तात्यांनी पांढरा सदरा घातला आणि काकूंना घेऊन सांगली गाठली.

दवाखान्याच्या काट्यानं दाखवलं, एकशे चार.

"काका, अजून चार," डॉक्टर म्हणाले.

"बांधणी वजा केली का?"

"काय केली का?"

तात्यांनी बांधणी समजावून सांगितली. डॉक्टरांनी ती नीट ऐकून घेतली आणि ते म्हणाले, "काका, कपडे एवढ्या वजनाचे कसे असतील?"

"मग काट्यावर शिक्का कुटं हाय? ह्या वर्षाचा?"

डॉक्टरांनी काटा तिरका करून शिक्का दाखवला. ह्या वर्षाचा होता. बाहेर बाकावर पंधरा माणसं थांबली होती. तात्यांच्या तोंडातून वाक्य निघून गेलं, "डॉक्टरसायेब, येक डाव परत घ्या की."

आपलंच वाक्य तात्यांनी ऐकलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तो त्यांनी केबिनच्या खिडकीतून वरून ऐकला होता. खालून कसा लागतो ते आजच कळत होतं. डॉक्टरांनी परत घेतलं. एकशे चार. "पुढच्यांना पाठवा," ते हळूच नर्सला म्हणाले.

तात्या बाहेर बाकावर येऊन बसले. "संपलं," ते म्हणाले. "रेकॉर्ड रूम."

"का संपलं?" काकूंनी विचारलं.

"तीन म्हैनं झालं. वाटीत रस्सा. विहिरीत तमाशा. आन् ह्यो म्हंतोय एकशे चार."

"जूनमधी ह्योच काटा किती म्हणला हुता?"

"एकशे बारा."

"मग आठ किलो गेलं की! घरचा काटा लबाड आसंल, तुमची बांधणी लबाड आसंल. पर ह्यो तवाबी ह्योच हुता आन् आताबी ह्योच हाय. आठ गेलं, चार ऱ्हायलं. त्यात रडायचं काय?" काकूंनी पिशवीतून काकडी काढली आणि मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली. "खावा. आन् घरी गेल्यावर त्यो काचंचा डोळा आदी बाहेर टाका."

तात्यांनी काकडी खाल्ली. घरी जाऊन काटा कपाटावर ठेवला आणि कॅलेंडरची पानं उलटी करून टांगली. मग दर पंधरा दिवसांनी एसटीनं सांगली आणि दवाखान्याचा एकच काटा. एकशे तीन. एकशे तीन. एकशे दोन. दिवाळीला काकूंनी करंज्या शेजारणीच्या घरी नेऊन तळल्या, वास नको म्हणून. तेवढ्यात गळीत हंगाम सुरू झाला आणि तात्यांच्या जागी केबिनमध्ये दुसराच माणूस बसला. तात्या त्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडं करायचे. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी काटा म्हणाला, नव्याण्णव पूर्णांक चार. डॉक्टरांनी हात मिळवला. तात्यांनी मात्र खाली उतरून, न विचारता, स्वतःच परत चढून बघितलं.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. हंगामाचे शेवटचे सत्तावन्न दिवस तात्या केबिनमध्ये बसले. सात पायऱ्या ते सरळ तोंडानं चढत. शंभूराज एकदा खालून ओरडला, "तात्या, कमी बसलंय, परत घ्या की!" तात्यांनी गाडी मागं घ्यायला लावून परत वजन केलं. तेवढंच भरलं.

सध्या दवाखान्याच्या काट्यावर तात्यांचं वजन एकशे सात आहे.