एक चिठ्ठी हातातच राहिली

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत त्या महिन्यात लोखंड ओतून केलेल्या कास्टिंगांना छिद्रं पडत होती, माल परत येत होता. मालकांनी मला, सुपरवायझरला, बोलावलं आणि एका वाक्यात मिटवलं, "शनिवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर कोर बाहेरून आणू." कोर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा तुकडा. आमच्याकडं ते चार बायका करायच्या. बाहेरून आणले की या चौघी घरी. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी कोडोलीहून यायच्या. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

मी नुकताच पुण्याहून दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो होतो. कन्सेप्ट मॅप! भिंतीला मोठा कागद लावायचा, प्रत्येकानं मनातलं चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, मग हे कशामुळं, ते कशामुळं, असं विचारत बाण ओढत जायचं. सगळ्यांच्या डोक्यातला गुंता भिंतीवर सुटतो म्हणे. पुण्यात सुटत असेल.

इथं पहिल्याच चिठ्ठीला भांडण. साचे करणाऱ्या मोल्डिंगच्या फोरमनमामांनी आपली चिठ्ठी बरोब्बर मधोमध ठोकली. म्हटलं, "मामा, मधे छिद्रांचा प्रश्न येतो, तुमची कडेला लावा."

"एवढी वर्सं झाली मला हितं. आता कडंला बसू व्हय?"

झालं. भट्टीवाल्यानं मग हट्टानं मामांच्या वर लावली. मॅप राहिला बाजूला आणि लग्नाच्या पंगतीसारखा मानपान सुरू झाला.

बाण काढायला घेतले तर आणखी कहर. मामा म्हणाले, साचा चांगला हाय, लोखंडच गार ओतत्यात. भट्टीवाला म्हणाला, लोखंड झकास, साचाच कच्चा. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून! एकाही पठ्ठ्याचा बाण स्वतःकडं वळेना. माझं डोकं असं तापलं की तो कागद टराटरा फाडावासा वाटला. मावशी मागं चिठ्ठी धरून उभ्या होत्या. दोनदा पुढं आल्या, दोन्ही वेळा मीच हात करून थांबवलं. "थांबा हो मावशी, आधी यांचं निस्तरू दे."

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. कोर ओलसर येतात, ओल तापली की वाफ, वाफ आत अडकली की छिद्र. ते खरंही होतं. सगळे बाण कोरच्या चिठ्ठीवर गेले.

"मिटलं की मग. बायकांचं काम," मामा म्हणाले. दारात उभ्या मालकांनी मान हलवली. आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

"साहेब, आता तरी लावू का?" मावशींनी विचारलं. त्यांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं : कोरचा रॅक नळापाशी.

"नळापाशी? जिथं सगळे हात धुतात तिथं?" मी ओरडलोच. "कुणी शहाण्यानं नेला तिथं?"

मामा छपराच्या पत्र्याकडं बघायला लागले. भट्टीवाला नखातली काजळी काढत बसला. मग मला आठवलं. महिन्यापूर्वी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. वाट मोकळी दिसावी म्हणून मीच तो रॅक तिकडं सरकवायला लावला होता आणि परत आणायचं विसरलो होतो. इथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. तासभर एकमेकांची उणीदुणी काढली, पण पेन ज्याच्या हातात त्याच्याकडं एकानंही बाण काढला नाही.

"मावशी, मग तेव्हाच सांगायचं की तोंडानं!" मी म्हटलं.

"तुमी बोलू दिलंसा व्हय?"

माझे कान गरम झाले. रॅकच्या चिठ्ठीपासून बाण ओढला आणि टोकाला स्वतःचं नाव लिहिलं. पार कोपऱ्यात, मुंगीएवढं. मालक दारातून डोळे बारीक करून बघत होते.

"मोठं लिवा की साहेब," मावशी म्हणाल्या. "मालकास्नी तितनं दिसंना झालंय."

त्यावरच गिरवून मोठं केलं. रॅक दुपारी हलला, चौघी सोमवारी कामावर होत्या. कागद मात्र मालकांनी काढू दिला नाही. अजून जाता-येता मला माझंच नाव वाचावं लागतं.