किल्टवरच्या उन्हाळी कोटासाठी कर्वेनगर ते खडकी

मुलीच्या लग्नाला दोन दिवस राहिले होते आणि आमचे स्कॉटिश व्याही, डंकनराव, चक्कर येऊन आमच्या दिवाणावर आडवे होते. मे महिना. किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा पुरुषांचा घागऱ्यासारखा चुण्यांचा लोकरी पोशाख, आणि त्यावरचा जाड काळा कोट त्यांनी हौसेनं घालून पाहिला, तेवढ्यानंच हे झालं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. किल्ट त्यांच्या वडिलांचा, तो काही सुटणार नव्हता.

"बाबा, निदान कोट तरी हलका बघा," मुक्ता म्हणाली. ती खराडीच्या ज्या कंपनीत आहे, तिथलाच आमचा होणारा जावई कॅलम. मला मात्र अंतरपाटाशेजारी कोसळलेला माणूसच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ट पिशवीत घालून निघालो. (असा कोट शोधायचा असेल तर किल्ट सोबत न्याच, नुसत्या वर्णनावर कुणाचा विश्वास बसत नाही.) कर्वेनगरहून डेक्कनपर्यंत बस, पुढे लक्ष्मी रस्त्याला पायीच बरं.

"खाली काय घालणार?" पहिल्याच तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं. मी पिशवी उघडली.

"मग कोट कशाला? वर पोलकं शिवा. कापड समोर मिळेल." आणि त्यांनी पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

तिथून रिक्षानं कॅम्पात. चौथ्या दुकानात फिकट राखी लिननचा कोट मिळाला, बिनअस्तराचा, हातात घेतला तर वजनच नाही. घेऊन टाकला. उसाचा रस पिताना शाळेत डुलत डुलत पाठ केलेल्या उन्हाळ्याच्या कविता आठवल्या. त्यांतला उन्हाळा फार देखणा होता. त्यात कुणाला चक्कर येत नसे.

रसवंतीच्या बाकावरचे एक निवृत्त सुभेदार पिशवीत डोकावले. "अहो, हे तर आमच्या पलटणीतल्या पाइप बँडवाल्यांचं. खडकी बाजारात गजभिये मास्तरांना दाखवल्याशिवाय हा कोट घरी नेऊ नका."

पुन्हा धास्ती. शिवाजीनगरहून लोकलनं खडकी एकच स्टेशन, पण तेवढ्यातही पिशवीचे बंद मी मनगटाला गुंडाळून बसलो होतो.

गजभिये मास्तर मूळचे नागपूरकडचे. बँडचे गणवेश शिवण्यात हयात गेलेली. त्यांनी कोट उलटसुलट पाहिला. "लांब आहे जी. किल्टच्या पुढं चामडी पिशवी लटकते, ती झाकून जाईन. कमरेशी कापा लागते. घालणारा कुठं आहे?"

"घरी झोपलाय. कंबर आमची सारखीच आहे."

"मग तुम्ही घाला. अंगावर पाहिल्याबिगर मी कात्री नाही लावत."

पडद्याआड जाऊन पासष्टाव्या वर्षी मी किल्ट गुंडाळला. बाहेर आलो तर मुलाचा गणवेश न्यायला आलेल्या एक बाई उभ्या. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, आधी यांचं करा. माझं राहू द्या."

मास्तरांनी खडूची रेघ ओढली.

"चुकलं तर?" मी विचारलं.

"आखूड झालेला कोट लांब नाही होत. हलू नका."

मी श्वास रोखून उभा. गुडघ्यामागून घामाच्या धारा, कमरेभोवती लोकरीचं ओझं. अर्धा तास उभं राहायचं, तर माझी ही गत. डंकनरावांना अख्खा मुहूर्त काढायचा होता. दोन तास बाकावर बसून टाके पुरे करून घेतले.

संध्याकाळी डंकनरावांनी कोट चढवला. बाह्या बोटभर आखूड. त्यांनी हात वर केले, सावकाश श्वास घेतला, चहा मागितला आणि कोट न काढताच प्यायले. मुक्ता निर्धास्त झाली. मी नाही.

लग्नाची मंगलाष्टकं मी स्वतः रचली होती, महिनाभर यमकांशी झटापट करून. लेक गेली, पाहुणे गेले. आता घरी बसलोय, तर लोक फोन करून विचारतात, चाल कशी वाटली, ती माहेरची ओळ म्हणताना गायिकेचा आवाज कापला का. काय सांगू? पहिल्या कडव्याला डंकनराव कपाळ पुसत होते. तिसऱ्याला त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मी ऐकलेली मंगलाष्टकं एवढीच.