उन्हातल्या बाई आणि लाल मासे

आमच्या मोठ्या जाऊबाईंना अख्खा बाजार ‘उन्हातल्या बाई’ म्हणतो. अस्तर, दोरे आणि बटणांच्या दुकानात त्या गिऱ्हाइकांना रंग जुळवून देतात. नियम एकच, दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याचं कापड आणि आपलं रीळ घेऊन बाई तरातरा फुटपाथवर निघणार. “आधी उन्हात या! दिव्याखाली काय, सगळेच गोरे दिसतात.” मी एकदा साधं काळं बटण आणायला गेले होते. म्हटलं, काळं ते काळं! तर मला भर दुपारी उभं करून हिरवट काळं आणि निळसर काळं यातला फरक समजावला. माझं डोकं बटणाआधी तापलं. पण खोटं कशाला बोलू, ते बटण आजही कोटावर शोभतं.

तर अशा या बाई माशांच्या दुकानात फसल्या, त्याची ही गोष्ट.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, आयुष्यभर बस चालवत होते. बोलायचे तर इतके की समोरच्याचे कान किटायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे, नजरेच्या मधोमध धुकंच बसलं. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, काही भडक असेल, हलतं असेल, तर थोडंफार दिसेल. तेव्हापासून भाऊजी खिडकीशी खुर्ची टाकून गप्प. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत खुर्चीत. एरवी कडक असलेल्या जाऊबाई एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडल्या. “हा माणूस गप्प बसला की घर खायला उठतं गं. त्याला बघण्यासारखं एक काहीतरी दे मला!”

मी बोलून गेले, “मासे आणा ना, लाल भडक. दिवसभर हलतात.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी दुकानात. आत अंधार, आणि त्यात ओळीनं काचेच्या पेट्या उजळलेल्या. एका पेटीतले मासे असे लाल, जणू चुलीतले निखारेच पोहताहेत! जाऊबाई हरखूनच गेल्या. मला चेष्टा सुचली. “ताई, आधी उन्हात न्या की!”

“गप गं! मासा काय अस्तराचा तुकडा आहे?” असं म्हणून त्यांनी चार मासे, पेटी आणि पांढरी वाळू तिथल्या तिथे घेतली. दिवा मात्र घरातलाच लावू म्हणाल्या. पांढरा एलईडी होता ना एक, पडून.

घरी खिडकीशी पेटी मांडली, दिवा लावला, आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. निखारे कुठले! उकडलेल्या गाजराचे तुकडे तरंगत होते. मला तर हसू आवरेना, पण जाऊबाईंचा चेहरा बघून आवरलं. भाऊजी बिचारे म्हणाले, “वा, छान आहेत,” आणि ते बघत होते पेटीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे.

त्या रात्री जाऊबाई जेवल्या नाहीत. “जन्मभर लोकांना उन्हात नेलं, आणि स्वतः दिव्याला भुलले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!”

सकाळी पदर खोचून आम्ही परत दुकानात. दुकानदार चांगला दाढीवाला, आडदांड गडी, पण जाऊबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. “रंगवलेले मासे विकता? लाज नाही वाटत?”

“अहो ताई, मासे तेच आहेत!” तो काकुळतीला आला. “घरचा दिवा कसला आहे?” पांढरा, म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. “स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीत लाल उजेड अगदी थोडा. उजेडातच लाल नसेल तर मासा परत काय पाठवणार? माझ्या दिव्यात लाल जास्त आहे. शिवाय तुमची वाळू पांढरी, जागा नवी. घाबरला, उघड्यावर आला की मासाही फिका पडतो. मागे काळं लावा, वाळू गडद घाला, आठवडाभर त्याला रुळू द्या.”

“म्हणजे तुझा दिवा खोटं दाखवतो!”

“दिवा पदरचं काही घालत नाही हो. लाल दिव्याखाली हिरवा मासा काही लाल तेजानं उठत नाही, काळपट दिसतो. माशात आहे तेवढंच उठून दिसतं.”

जाऊबाईंना पटलं होतं, पण पचत नव्हतं. दिवा आणि गडद वाळू घेऊन निघाल्या, तरी रस्ताभर पुटपुटत होत्या, “खरा रंग तो उन्हातला. हे म्हणजे पावडर लावून फोटो काढणं.” मी म्हटलं, “मग परत करू या का दिवा?” तर पिशवी छातीशी धरून माझ्यावरच खेकसल्या.

पेटीमागे लावायला त्यांनी आपल्या दुकानातलं काळं अस्तर आणलं, तेही उन्हात पारखून! जित्याची खोड ती. वाळू बदलली, दिवा बसवला. आठवडाभर मासे रुळू दिले. भाऊजी खुर्चीत तसेच, तोंड खिडकीकडे. मी रोज त्यांच्याकडे जायचे आणि हळूच जाऊबाईंकडे बघायचे, त्या ‘नाही’ म्हणून मान हलवायच्या.

मग एका दुपारी मी चहा ओतत होते आणि खुर्चीतून आवाज आला.

“ए, तो बघ, तो बघ! वळला! मागे दुसरा लागलाय. अरे हळू, हळू, सिग्नल आहे पुढे!”

माझ्या हातातून चहा सांडला. भाऊजींची मान माशामागे फिरत होती. एक मासा डावीकडून घुसला म्हणून त्यांनी त्याला अस्सल ड्रायव्हरी शिवी हासडली. वर्षभरानं! जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मला तर रडू आलं, उगाच कशाला लपवू.

थोड्या वेळानं भाऊजी थांबले. “काय लाल आहे गं! खरंच असा आहे? उन्हात बघितलास ना?”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रंगाच्या बाबतीत या बाईनं उभ्या जन्मात कुणाला थाप मारली नव्हती.

“हो तर. उन्हात बघूनच आणलाय.”

भाऊजी खो खो हसले. “थापाडी! मासा उन्हात कसा नेलास? ओंजळीत धरून?”

“नेला,” त्या म्हणाल्या, आणि उठून खिडकीशी गेल्या. दुपारचं ऊन नेमकं पेटीच्या काचेवर येत होतं, मासे जरा फिके दिसायला लागले होते. आमच्या उन्हातल्या बाईंनी स्वतःच्या हातांनी पडदा ओढला, नीट, कडेपर्यंत.